फोंड्याहून लिस्बनला घरसामान न्यायचंय, कस्टम्सचे अनुभव सांगा

अंत्रुजकन्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

फोंड्याचं बिऱ्हाड हलवतोय. सासरे १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले, त्यामुळे नवऱ्याचे पोर्तुगालचे कागद झाले. तो चार महिन्यांपूर्वी लिस्बनला गेला, नोकरीला लागला, भाड्याचं घरही मिळालं. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आम्ही तिघं निघणार.

कपड्यांचं काही नाही, प्रश्न घरातल्या वस्तूंचा आहे. आजेसासूबाईंचं शिसवी कपाट, दोन समया, देव्हाऱ्यातले देव, अंघोळीचं पाणी तापवायची तांब्याची मोठी भाण, नवऱ्याची पेटी आणि तबल्याचा जोड (दर गुरुवारी भजन, तिथेही करणार म्हणतो), शिवणयंत्र, पुस्तकांची सात खोकी, आणि गेल्या महिन्यात घेतलेला नवा कोरा फ्रिज. पॅकर्सवाला म्हणतो, "मॅडम, सगळं जातं, तुम्ही फक्त हो म्हणा." एवढ्या सहज हो म्हणणाऱ्याची मला भीती वाटते.

ड्यूटी लागते का? कशावर? कागद कुठले? कोणी अलीकडे गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

खुबेवाला

फेणी यादीत दिसली नाही. विसरलात काय?

स्विंडनची सून

ताई, मी २०२२ ला डिचोलीहून इकडे आले. आमचं इंग्लंड, तुमचं पोर्तुगाल, तरी ढाचा बराच सारखा आहे. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. आता ब्रिटनचे नियम वेगळे आणि युरोपीय संघाचे वेगळे, पण मुळात दोन्ही एकाच साच्यातून निघालेले.

इथे त्याला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात. त्याआधी सलग १२ महिने तुम्ही ब्रिटनच्या बाहेर राहिलेले हवेत. वस्तू किमान ६ महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या हव्यात. राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत सामान आणायचं, आणि आणल्यावर १२ महिने ते विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, कोणाला उसनंही द्यायचं नाही. हे सगळं पाळलं तर ड्यूटी नाही, व्हॅटही नाही.

घोळ झाला तो फॉर्मचा. टीओआर-१ नावाचा अर्ज सामान पोचायच्या आधी मंजूर करून घ्यायचा, मग एक नंबर मिळतो. आमच्या एजंटाने सांगितलं, "जहाज लागलं की करू." जहाज लागलं आणि नंबर नाही! सामान गोदामात, रोजचं भाडं चालू, मी नोव्हेंबरात गोव्याचा पातळ स्वेटर घालून मंजुरीच्या ईमेलची वाट बघत बसले. आधी कागद, मग सामान, हे पाठ करून ठेवा.

बंदरावरचा म्हातारा

अंत्रुजकन्या, मी वास्कोला क्लिअरिंगच्या धंद्यात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सवडीने लिहितो.

पोर्तुगाल म्हणजे युरोपीय संघाचा २००९ चा ११८६ क्रमांकाचा नियम. सुनबाईंनी सांगितलं तेच सूत्र: बाहेर सलग १२ महिने वास्तव्य, वस्तू ६ महिने वापरलेल्या, वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत आयात, पुढे १२ महिने विक्री, भाडं, गहाण, उसनवारी बंद. यातून दारू, तंबाखू आणि धंद्याची वाहनं वगळलेली आहेत. खुबेवाले बाब, फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून तिला घरसामान समजत नाहीत.

आता तुमच्या घरातल्या एकेक वस्तूकडे येऊ.

फ्रिज ठेवून जा. ६ महिने तुमच्या घरात चाललेला नाही, म्हणजे सवलतीत बसत नाही. ड्यूटी आणि वर २३ टक्के आयव्हीए (तिकडचा व्हॅट) भरून भारतीय फ्रिज लिस्बनला नेण्यात काय हशील? "जुना लिहून टाकू, मॅडम" असं पॅकर्सवाला नक्की म्हणेल. लिहू देऊ नका. सीरियल नंबरावरून वय कळतं, आणि एक खोटी ओळ सापडली की अख्खी यादी संशयात जाते.

यादी हीच तुमची वकील. खोक्यांना क्रमांक, प्रत्येक खोक्यात काय, किती नग, अंदाजे जुन्या वस्तूची किंमत. विजेच्या वस्तूंचा ब्रँड, मॉडेल, सीरियल नंबर. "किचन आयटम्स" असं मोघम लिहू नका, "स्टीलची पातेली ६, वापरलेली" असं लिहा. पणजीच्या पोर्तुगीज वकिलातीत सर्टिफिकादु द बागाजें म्हणजे सामानाचा दाखला मिळतो. ही यादी त्याला जोडायची, पोर्तुगीजमध्ये.

आणि घड्याळ विसरू नका. यजमान जाऊन ४ महिने झाले. त्यांच्या नावाने सामान जाणार असेल तर त्यांचे ८ महिने उरले. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात दिवस जातात. दाखला कोणाच्या नावाने घ्यायचा ते वकिलातीतच विचारून ठरवा.

इथून निघायचं म्हणजे बहुधा न्हावा शेवा. मुरगाव बंदर घराजवळ असलं तरी घरसामानाचे थोडे थोडे नग गोळा करून कंटेनर भरण्याची सोय तिकडे जास्त. गोव्याहून ट्रकने माल जातो आणि तिथे अनअकम्पनीड बॅगेज, म्हणजे प्रवाशाबरोबर न जाणारं सामान, म्हणून कागद होतात.

कपाट आणि देव यांच्यावर वेगळं लिहितो. जेवायला बोलावतायत.

पेडण्याची पोर

काका, जेवून लवकर या. सीरियल मालिकेसारखं सोडून गेलात.

मेलबर्नची माटोळी

पोर्तुगालचं नाही, पण ऑस्ट्रेलियाला जाणारे वाचतील म्हणून लिहिते. इथे वस्तू १२ महिने वापरलेल्या लागतात, पण ड्यूटी ही खरी डोकेदुखी नाहीच. खरी डोकेदुखी म्हणजे बायोसिक्युरिटी. लाकूड, बांबू, वेत, गवत, बी, माती, कातडं, जे जे म्हणून कधी जिवंत होतं ते सगळं त्यांना बघायचं असतं.

आमच्या सामानात काय काय होतं बघा: रोवळी, सूप, माडाच्या हिरांची झाडणी, करवंटीचा दवलो, रुद्राक्षाची माळ, आणि चवथीला माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची लाकडी चौकट. चौकट नेऊ नको म्हणून आईने दहा वेळा सांगितलं होतं. तिच्या एका खाचेत गेल्या चवथीची वाळलेली सुपारी अडकली होती. एवढीशी! अधिकाऱ्याने ती चिमट्याने काढली आणि पिशवीत घातली, एखाद्या खुनाच्या पुराव्यासारखी. चौकटीला धुरी द्या, परत पाठवा किंवा नष्ट करा, असे तीन पर्याय मिळाले. धुरीचा खर्च चौकटीच्या दसपट. नष्ट केली. झाडणीही गेली. तपासणीची फी वेगळी.

चपला-बूट ब्रशने घासून धुवा. टाचेतली लाल माती बघून ते एकदम खूश होतात, आणि तुमचं बिल वाढतं.

टोरांटोचा नाखवा

कॅनडाचं थोडक्यात. उतरताना बीएसएफ-१८६ फॉर्म (पूर्वीचा बी-४). बरोबर आणलेल्याची एक यादी, आणि मागून येणाऱ्या वस्तूंची, गुड्स टु फॉलोची, दुसरी. मागून येणारं पहिल्याच दिवशी दाखवलं नाही तर नंतर सवलत मागताना अडचण येते. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराचा मूल्यांकनाचा कागद ठेवा.

मिक्सर आणू नका. इथे १२० व्होल्ट. आमचा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आहे, चटणी करायची तर दोघांनी उचलून ओट्यावर ठेवावा लागतो.

(ताई, पोर्तुगालात २३० व्होल्टच आहे. तुमचा मिक्सर चालेल, फक्त प्लग बदला.)

रोखठोक

एक विचारू? कशाला न्यायचं हे सगळं? सीबीएमवर (घनमीटरवर) पैसे मोजायचे, कागदांसाठी पळायचं, आणि तिथे पोचल्यावर कळणार की जिन्यातून कपाट वर जात नाही. लिस्बनच्या जुन्या इमारतींचे जिने बघितलेत? नवीन फर्निचर तिथे घ्या. चार सुटकेसी भरा आणि चला. भावनेचं वजन कंटेनरवाला फुकट नेत नाही.

अंत्रुजकन्या

रोखठोक, तुमचं गणित बरोबर असेल. पण नवरा तिथे एकटाच आहे. व्हिडिओ कॉलवर रोज विचारतो, समई घासली का. मी चार सुटकेसी घेऊन गेले तर त्याला सुटकेसी मिळतील.

काका, कपाटाचं सांगा ना. सासूबाई म्हणतात, त्यांच्या सासूबाईंच्या लग्नात आलं. लग्न १९३८ चं. पण कपाट तेव्हा नवं होतं की माहेरचं जुनंच दिलं, ते कोणालाच माहीत नाही. धाकट्या आत्या म्हणतात दोनशे वर्षांचं आहे. त्यांच्या मते घरातलं सगळंच दोनशे वर्षांचं आहे.

बंदरावरचा म्हातारा

दोनशे वर्षांचं असेल तर आत्यांना गप्प बसवा.

कारण असं. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ७५ वर्षंच. वस्तू तुमची, घर तुमचं, वारसा तुमचा, तरीही नाही. शंका येईल अशी वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्यांच्या गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे, तिथे चौकशी करा.

सगळ्यात जास्त अडतात ते देव. पितळी, पंचधातूची झिजलेली मूर्ती एक्स-रेत दिसली की कस्टम्सवाला थांबवणारच, त्याची चूक नाही. मंदिरांतल्या मूर्ती याच वाटेने बाहेर गेल्या आहेत. माझ्या वेळी एका कुटुंबाचे देव असेच अडकले. आजोबा रोज येऊन आमच्या ऑफिसात बसायचे, देवांचे कपडे घेऊन. न बोलता. शेवटी दाखला झाला, पण नवव्या दिवशी. तुमचे देव जुने असतील तर ते इथेच कोणाकडे तरी पुजेत ठेवा आणि तिथे नवे न्या, हा माझा सल्ला. नसतील तर दाखला काढून हातात न्या.

नाणीही बघा. पोर्तुगीज इंडियाची १८८१-८२ ची लुईस राजाची चांदीची रुपी फोंड्यात अजून पुष्कळांच्या डब्यात असते. ती पुरावस्तू. ज्या देशाच्या राजाचं तोंड तिच्यावर आहे त्याच देशात चाललाय म्हणून सूट नाही.

कपाटाला दुसरीही अडचण आहे. शिसवी म्हणजे डालबर्जिया. त्या प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्या झाडांना जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात घातलंय, म्हणजे बाहेर न्यायला परवाना लागतो. तयार वस्तूतलं शिसवी लाकूड १० किलोच्या आत असेल तर परवाना लागत नाही. तुमचं कपाट किती माणसांनी उचलतात?

अंत्रुजकन्या

चार. आणि पाचवा "सावकाश, सावकाश" म्हणायला.

बंदरावरचा म्हातारा

मग १० किलोचा प्रश्नच नाही. परवान्याच्या मागे लागायचं की नाही ते ठरवा.

आणि हो, भिंतीवर सांबरशिंगं असतील तर हात लावू नका. १९७२ चाच वन्यजीव संरक्षण कायदा. कृष्णामागचं मोरपीससुद्धा देशाबाहेर न्यायचं नसतं. पेटी, तबला, समई, भाण, शिवणयंत्र, पुस्तकं यांना काही नाही, यादीत नीट लिहा. पेटीची पट्टी कुठल्या लाकडाची ते मात्र बघून ठेवा, कोणी विचारलं तर सांगता यावं.

स्विंडनची सून

खाण्याचंही सांगा कोणीतरी. मी सांगतेच. बाहेरच्या देशातून मांस आणि दूध यांचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत, इकडे ब्रिटनमध्येही तेच. म्हणजे गोव्याचं चोरीस (सॉसेज) बाद, घरचं तूपही बाद. सुकी सुंगटां (कोळंबी) चालतात, मासळीला २० किलोंची मर्यादा आहे. २० किलो सुंगटां बॅगेत घेऊन विमानात बसलात तर शेजारचा प्रवासी तुम्हाला उतरवेल, कस्टम्सची गरजच पडणार नाही.

खुबेवाला

आणि मानकुराद आंबे?

स्विंडनची सून

युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. मानकुराद गोव्यातच खाऊन निघायचं. नारळ मात्र खुशाल न्या.

साष्टीकर

पैशाचं कोणीच बोललं नाही, म्हणून माझं रडगाणं. आम्ही पोर्तुगालातल्या पोर्तु शहरात गेलो तेव्हा एका मूव्हरने दर सीबीएममागे इतका स्वस्त भाव दिला की शेजाऱ्यांनाही सांगितला. माल पोचला तेव्हा तिकडच्या एजंटाचं बिल आलं: टर्मिनल हाताळणी, डॉक्युमेंटेशन, कंटेनर उघडण्याचे पैसे, गोदाम. इथल्या भाड्यापेक्षा तिथलं बिल मोठं! मूव्हरला फोन केला तर म्हणाला, "ते डेस्टिनेशन चार्जेस, सर, ते आपल्यात नव्हते." कोटेशन घेताना विचारा: घराच्या दारापर्यंत की बंदरापर्यंत? तिकडचे सगळे खर्च धरून की सोडून? लेखी घ्या.

दुसरं. घाईत आम्ही पाच खोकी स्वतःच भरली. पॅकर्सनी त्यांच्यावर पीबीओ लिहिलं, म्हणजे मालकाने स्वतः भरलेलं. कस्टम्सने बरोबर तीच पाच फोडली, आणि फुटलेल्या बरण्यांना विम्याने हात वर केले. भरताना त्यांच्याकडून भरून घ्या, पण समोर बसून यादी तुम्ही लिहा.

लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा शिक्का बघा, उष्णता दिलेल्या लाकडाचा. आमच्या शेजाऱ्याने सुताराकडून स्वस्तात खोका ठोकून घेतला होता, बिनशिक्क्याचा. पुढचं सांगत नाही.

रोखठोक

+१. आता पटतंय ना मी काय म्हणत होतो?

साष्टीकर

नाही. भाण पोचली. बाथरूममध्ये ठेवलीय, रोज तीत पाणी तापवून अंघोळ करतो. गीझर आहे तरी.

पेडण्याची पोर

सोन्याचं राहिलं. अंगावरचे जुने दागिने घेऊन जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे सुट्टीवर परत येताना तेच दागिने नवे समजून ड्यूटी मागणार नाहीत. माझ्या मामीने केलं नव्हतं. मंगळसूत्र जुनं आहे हे पटवायला तिने लग्नाचा अल्बम व्हॉट्सॲपवर मागवला, आणि अधिकाऱ्याने मामाचे तेव्हाचे केस बघून विश्वास ठेवला.

अंत्रुजकन्या (तीन आठवड्यांनी)

मंडळी, सगळ्यांचे आभार, काकांचे जास्त. काय झालं ते सांगते.

फ्रिज नणंदेला दिला. देव काकांचं ऐकून सावईवेऱ्याला दिरांच्या घरी नेले, त्यांच्या देवांबरोबर पुजेत बसवले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं झालं, देवांना तिथली थंडी सोसली नसती."

यादी ६३ ओळींची झाली. वकिलातीसाठी पोर्तुगीज करायला मडगावच्या एका शिक्षिकेकडे गेले. सगळं भराभर झालं, आदोळीवर अडलो. त्यांना आदोळी ठाऊक, पण एका शब्दात पोर्तुगीज कशी करायची? बसायचा पाट, त्याला उभं पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दात. शेवटी "स्वयंपाकघरातलं नारळ खवायचं लोखंडी हत्यार, लाकडी बैठकीसह, वापरलेलं" असं काहीतरी लिहिलं. नवरा फोनवर म्हणाला, हत्यार शब्द काढ, नाहीतर मला बोलावतील. काढला.

आता कपाट. रिकामं करताना मधला खण पूर्ण बाहेर काढला, पन्नास वर्षांत कोणी काढला नसेल. तळाशी पेन्सिलीने सुताराची सही आणि १९४१. म्हणजे आत्यांचे दोनशे गेले, आणि १९३८ चं लग्नही गेलं. सासूबाई म्हणाल्या, मग ते लग्नात नाही, पहिल्या बाळंतपणात आलं असेल. लगेच नवी गोष्ट तयार.

बंदरावरचा म्हातारा

पेन्सिलीचं वर्ष हा काही सरकारी दाखला नव्हे, पण फोटो काढून ठेवा, तज्ज्ञाला उपयोगी पडतो. पण पुरावस्तूचं सुटलं तरी साइट्सचं तसंच राहतं.

अंत्रुजकन्या

हो काका, ते कळलं. कपाट इथेच राहतंय, दीर नेणार. पण तो मधला खण मी वजनकाट्यावर ठेवला. साडेतीन किलो. तयार वस्तू, १० किलोच्या आत, १९४१ ची. यादीत चौसष्टावी ओळ घातली: लाकडी खण १, वापरलेला. त्यात पेटीची सुरांची वही आणि चमचे भरून पाठवतेय.

खुबेवाला

आणि दिरांकडचं कपाट?

अंत्रुजकन्या

पुढचा दात पडलेल्या पोरासारखं दिसतंय. दीर म्हणाले, सुताराला बोलावून नवा खण करून घेतो. मी म्हटलं, तळाशी वर्ष लिहायला सांगा.